संदेश, ग्राही आणि शोथ : आमवाताच्या निमित्ताने

आमवाताचा रुग्ण आज वैद्यांकडे येतो, तो बहुधा तपासण्यांच्या अहवालांची फाइल घेऊनच. त्या फाइलमध्ये सीआरपी आणि अँटी-सीसीपी यांचे आकडे असतात. मेथोट्रेक्सेट, अ‍ॅडालिम्युमॅब, टोसिलिझुमॅब, तोफासिटिनिब अशी औषधांची नावे असतात. वेदनाशामके आणि स्टेरॉइडे यांच्याशी आपला परिचय जुना आहे. परंतु ही नवी औषधे शरीरात नेमके काय करतात, याविषयी आपल्या व्यवसायात पुरेशी चर्चा झालेली नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या सांधेविकारांच्या सर्वेक्षणात रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के, म्हणजे दोनशे माणसांमागे एक, असे आढळले होते. एवढ्या मोठ्या संख्येतील किती तरी रुग्ण दोन्ही चिकित्सापद्धतींचे उपचार एकाच वेळी घेत असतात. म्हणून हा विषय केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा झाला आहे.

प्रस्तुत लेखात पेशींमधील संदेशवाहक रेणू, त्यांचे ग्राही आणि शोथ यांचा संबंध आम्ही मांडणार आहोत. विवेचनासाठी एकच संदेशरेणू प्रामुख्याने घेतला आहे. त्याचे नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, संक्षेपाने टीएनएफ. या एका रेणूच्या कथेतून शोथाचे स्वरूप, त्यावरील औषधांचे सामर्थ्य आणि त्या औषधांचा धोका या तिन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

संदेशरेणू आणि ग्राही

शरीरातील पेशी एकमेकींना संदेश पाठवितात, ते मुख्यतः रेणूंच्या द्वारे. एक पेशी रेणू सोडते. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या रेणूला धारण करणारे प्रथिन असते, त्यास ग्राही म्हणतात. रेणू ग्राहीत बसला की ग्राहीचा आकार किंवा मांडणी बदलते आणि तो बदल पेशीच्या आत घडामोडींची साखळी सुरू करतो. ज्या पेशीवर ग्राही नाही, तिच्याजवळून संदेश गेला तरी तिला तो कळत नाही. म्हणून एकच रेणू यकृतात एक कार्य घडवितो, अस्थीत दुसरे आणि मेंदूत तिसरे. संदेशाचा अर्थ संदेशात जितका असतो तितकाच तो ग्रहण करणाऱ्या पेशीत असतो.

प्रतिकारशक्तीच्या पेशी जे संदेशरेणू वापरतात त्यांना सायटोकाइन असे सामान्य नाव आहे. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ हे त्यांतील शोथाचे अग्रणी. जखम झाली किंवा जंतूंचा प्रवेश झाला की ऊतींमधील भक्षकपेशी प्रथम टीएनएफ सोडतात. त्यायोगे रक्तवाहिन्या विस्फारतात. तेथे आरक्तता व उष्णता येते. वाहिन्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो; सूज येते. भिंतींच्या आतील पेशी चिकट होतात आणि रक्तातील श्वेतपेशी तेथे अडकून ऊतीत शिरतात. टीएनएफच्याच प्रेरणेने प्रोस्टाग्लँडिन तयार होते, त्यामुळे वेदना होते. हेच द्रव्य मेंदूतील तापनियंत्रक केंद्रात वाढले की ज्वर येतो. व्रणशोथाची जी लक्षणे आपण शल्यतंत्रात अभ्यासतो, त्यांतील बहुतेकांमागे हे मोजके संदेशरेणू आहेत.

हा शोथ मुळात रक्षणासाठी आहे, हे विसरता कामा नये. सुश्रुतांनी व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा अवस्था वर्णिल्या आणि अवस्था न ओळखता शस्त्र चालविणाऱ्याला दोष दिला. शोथाला आरंभ, मध्य आणि शेवट असतो, हे त्या वर्णनात गृहीत आहे. व्याधी तेव्हा उत्पन्न होतो जेव्हा शेवट होत नाही.

टीएनएफचा शोध

न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९० च्या दशकात कर्करोगाच्या काही रुग्णांना जंतूंचे अर्क टोचून पाहिले. तीव्र ज्वर येऊन काहींच्या गाठी विरल्या. पुढे १९७५ मध्ये त्याच शहरातील स्लोन-केटरिंग संस्थेत लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, जंतूंच्या विषाने उद्दीपित केलेल्या प्राण्यांच्या रक्तरसात एक द्रव्य निर्माण होते आणि ते उंदरांतील गाठींचा नाश करते. गाठीचा नाश करणारा घटक म्हणून त्यास ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे नाव मिळाले.

दुसरीकडे रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस बॉयटलर आणि अँथनी सेरामी हे वेगळ्याच प्रश्नाचा मागोवा घेत होते. दीर्घ जंतुसंसर्गात प्राण्याचे शरीर झिजते, त्याचे अन्न सुटते, मेद व मांस क्षीण होते; हे कशामुळे? त्यांनी या क्षयकारी द्रव्यास कॅकेक्टिन म्हटले. १९८५ मध्ये असे स्पष्ट झाले की, कॅकेक्टिन आणि टीएनएफ ही दोन द्रव्ये नसून एकच आहे. गाठ मारणारे, ज्वर आणणारे आणि धातुक्षय घडविणारे द्रव्य एकच! कर्करोगावरील औषध म्हणून ज्याकडे आशेने पाहिले गेले, ते औषध म्हणून सर्व शरीरात देणे विषारी ठरले. पण त्याच वेळी एक नवा विचार पुढे आला : हे द्रव्य देण्याऐवजी रोखले तर?

पेशीच्या आत काय घडते

टीएनएफचे तीन समान घटक एकत्र येऊन त्याचा रेणू बनतो. त्याचे दोन ग्राही आहेत. पहिला जवळजवळ सर्व पेशींवर असतो. दुसरा मुख्यतः प्रतिकारपेशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर. टीएनएफ पहिल्या ग्राहीत बसला की पेशीच्या आतील अनेक प्रथिने ग्राहीच्या टोकाशी एकत्र येतात. त्यांच्या क्रियेने एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन मुक्त होते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये वर्णन केलेले हे प्रथिन एरवी पेशीद्रवात आय-कप्पा-बी या दुसऱ्या प्रथिनाने बांधून ठेवलेले असते. ग्राहीकडून आदेश आला की हे बंधन नष्ट होते, मुक्त झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाते आणि शोथकारी जनुके चालू करते. नव्याने टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि प्रोस्टाग्लँडिन बनविणारे विकर तयार होते.

यातील सर्वांत अर्थपूर्ण भाग पुढे आहे. एनएफ-कप्पा-बी जी जनुके चालू करते, त्यांत आय-कप्पा-बीचेही जनुक असते. म्हणजे शोथ सुरू करणारा आदेशच शोथ थांबविणारे बंधन पुन्हा तयार करतो. पेशीबाहेरही अशीच योजना आहे. टीएनएफचे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून तुटून रक्तात येतात आणि मोकळ्या टीएनएफला धरून निष्प्रभ करतात. निरोगी शरीरात संदेश आणि त्याचे शमन एकाच वेळी जन्माला येतात.

या योजनेत ग्राहीचा एक सूक्ष्म दोष काय करू शकतो, याचे उदाहरण १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या पुनःपुन्हा येणारा दीर्घ ज्वर, पोटदुखी, मांसपेशींची वेदना आणि त्वचेवर लाल चट्टे असा विकार आढळत असे. त्याचे मूळ टीएनएफच्या पहिल्या ग्राहीच्या जनुकातील बदलात सापडले. जंतू नाही, अपथ्य नाही. केवळ ग्राही सदोष, म्हणून ज्वर. संदेशाइतकेच ग्राहीला महत्त्व आहे, हे यावरून कळते.

सांध्यातील अखंड शोथ

रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये विकृतीचे मुख्य स्थान म्हणजे सांध्याच्या आतील पातळ अस्तर. सुश्रुतांनी सांध्यांत श्लेष्मधरा कला सांगितली आहे आणि वंगण घातलेल्या चाकाप्रमाणे तिच्यामुळे सांधा सुलभतेने फिरतो असे म्हटले आहे. हे अस्तर या व्याधीत जाड, मऊ आणि रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेले होते. त्यात भक्षकपेशी टीएनएफ सोडतात. अस्तरातील पेशी त्याला प्रतिसाद देऊन इंटरल्यूकिन-६ सोडतात आणि कूर्चा विरघळविणारी विकरे निर्माण करतात. अस्थी खाणाऱ्या पेशी रँक-लिगंड नावाच्या आणखी एका संदेशाने जन्मतात. त्यालाही शरीरात एक फसवा ग्राही आहे, तो हा संदेश वाटेतच धरून ठेवतो; पण शोथात संदेश इतका वाढतो की हा रक्षक अपुरा पडतो. परिणामी सांध्याच्या कडांना खड्डे पडतात. ही हानी पहिल्या एकदोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा झालेली झीज भरून येत नाही.

हेच संदेश रक्तातून दूरवर जातात. यकृतात इंटरल्यूकिन-६ सीआरपी तयार करविते. म्हणून हा आकडा वाढतो. तेच यकृताकडून हेप्सिडिन नावाचे द्रव्य निर्माण करविते, त्यामुळे लोहाचे शोषण घटते, साठ्यातील लोह बाहेर येत नाही आणि पांडुता येते. अशा रुग्णाला केवळ लोहकल्प देऊन रक्त वाढत नाही. मेंदूवरील परिणामाने ज्वर, अरुची आणि थकवा येतो.

माधवकरांनी आमवातास स्वतंत्र व्याधी म्हणून स्थान दिले, तेव्हा सांध्यांच्या सुजेबरोबर अंगमर्द, अरुची, आलस्य, गौरव, ज्वर आणि अपाक ही सार्वदेहिक लक्षणे सांगितली. हा केवळ सांध्यांचा रोग नाही, ही त्यांची जाण आजच्या ज्ञानाशी सुसंगत आहे. तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. 'आम म्हणजेच सायटोकाइन' किंवा 'वात म्हणजेच टीएनएफ' अशी समीकरणे अधूनमधून मांडली जातात. आमची कल्पना अग्नी, आहार, स्रोतस् यांच्या एका संपूर्ण विचारव्यूहातील आहे. टीएनएफ हे ठरावीक घडणीचे, मोजता येणारे एक प्रथिन आहे. दोघांच्या लक्षणांत साम्य दिसले म्हणून ती एक ठरत नाहीत. अशा समीकरणांनी दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो, आणि चिकित्सेत त्यांचा उपयोगही होत नाही. आमवात आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस यांची व्याप्तीदेखील तंतोतंत सारखी नाही. आमवाताची लक्षणे असलेल्या रुग्णाचे आधुनिक निदान वेगळे निघू शकते.

लंडनमधील प्रयोग

लंडन येथे मार्क फेल्डमन आणि लुधियाना येथे जन्मलेले रविंदर मैनी या दोघांनी १९८० च्या दशकात एक साधा प्रश्न विचारला : सांध्यात इतके संदेशरेणू एकदम वाढलेले असतात, तर त्यांत अग्रभागी कोण? रुग्णांच्या सांध्यांतील पेशी त्यांनी पात्रात वाढविल्या आणि टीएनएफला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड त्यांत मिसळले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात इंटरल्यूकिन-१ ची निर्मितीही घटली. एक संदेश रोखताच दुसराही मंदावला. १९९१ मध्ये ग्रीसमधील संशोधकांनी मानवी टीएनएफ अधिक निर्माण करणारे उंदीर तयार केले. त्यांना संधिशोथ झाला आणि टीएनएफरोधक प्रतिपिंडाने तो टळला.

१९९२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात वीस रुग्णांना पुढे इन्फ्लिक्सिमॅब या नावाने प्रसिद्ध झालेले प्रतिपिंड शिरेतून दिले गेले. इतर औषधांना न जुमानणारे हे रुग्ण होते. त्यांची सूज, वेदना आणि सकाळचा ताठरपणा झपाट्याने कमी झाला. त्यानंतर युरोपातील चार केंद्रांत ७३ रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी ७९ टक्के, लहान मात्रा मिळालेल्यांपैकी ४४ टक्के आणि केवळ औषधाभास मिळालेल्यांपैकी ८ टक्के रुग्णांना उपशय झाला. १९९८ मध्ये एटॅनरसेप्ट हे औषध अमेरिकेत संमत झाले. ते टीएनएफच्या दुसऱ्या ग्राहीचे दोन तुकडे जोडून बनविलेले आहे. शरीरातील फसव्या ग्राहीचीच ही अनुकृती होय. अ‍ॅडालिम्युमॅब २००२ च्या अखेरीस आले. भारतात २०१४ मध्ये त्याची स्वदेशी आवृत्ती उपलब्ध झाली आणि तेव्हापासून हे औषध घेणारे रुग्ण आपल्याकडेही दिसू लागले.

वेदनाशामके आणि ही औषधे यांतील भेद येथे ध्यानी येतो. वेदनाशामक साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला, प्रोस्टाग्लँडिनच्या निर्मितीवर काम करते. वेदना उतरते, पण टीएनएफ आणि रँक-लिगंड आपले कार्य करीतच राहतात. सांधा झिजतच जातो. 'दुखणे कमी आहे' आणि 'व्याधी शांत आहे' ही दोन विधाने एक नव्हेत. हा निकष कोणत्याही पद्धतीच्या उपचारास, आपल्या उपचारासही, लावावयास हवा.

मात्र प्रतिपिंडाचा प्रभाव ओसरल्यावर त्या पहिल्या रुग्णांचा त्रास परत आला, हेही तितकेच खरे. संदेश रोखला, संदेश पाठविण्याचे कारण दूर झाले नाही.

रोखलेल्या संदेशाचे दुसरे कार्य

टीएनएफ रोखण्याचा परिणाम सर्वत्र हितकर ठरला नाही. जंतुसंसर्गाने सर्व शरीरात उसळणाऱ्या शोथात, म्हणजे सेप्सिसमध्ये, १९९० च्या दशकातील चाचण्या अपेशी ठरल्या. हृदय दुर्बल झालेल्यांना लाभ होण्याऐवजी मोठ्या मात्रेने अपाय झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारात रोग बळावला.

आपल्या देशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा धोका क्षयाचा आहे. क्षयाचे जंतू शरीरात शिरल्यावर बहुसंख्य माणसांत रोग होत नाही. भक्षकपेशी त्यांना वेढून एक गाठ बनवितात आणि जंतू तेथे वर्षानुवर्षे कोंडलेले राहतात. ही गाठ बांधण्यास व टिकविण्यास टीएनएफ लागतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची माहिती अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. औषध सुरू केल्यापासून क्षय प्रकट होण्याचा मध्यम काळ केवळ बारा आठवडे होता. त्यांपैकी ४० जणांत क्षय फुप्फुसांबाहेर होता आणि १७ जणांत तो शरीरभर पसरलेला होता. म्हणूनच आज हे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी केली जाते. सुप्त क्षय आढळल्यास प्रथम त्यावर उपचार करतात.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील लोकसंख्येपैकी सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयजंतूंचा संसर्ग आढळला. यांतील बहुसंख्यांना कधीही रोग होणार नाही. पण त्यांतील कोणी टीएनएफरोधक औषध घेत असेल आणि सायंकाळचा ज्वर, घटते वजन, मानेतील गाठी, रात्रीचा घाम अशी लक्षणे घेऊन आपल्याकडे आला, तर खोकला नाही म्हणून क्षयाची शंकाच न येणे संभवते. अशा ज्वरास आमज्वर समजून लंघन करविणे किंवा जीर्णज्वर म्हणून आठवडेच्या आठवडे काढे देत राहणे, हे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

इंटरल्यूकिन-६ आणि फसवे अहवाल

ओसाका येथील तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये इंटरल्यूकिन-६ चे जनुक वेगळे केले. त्याचा ग्राही अडविणारे टोसिलिझुमॅब हे प्रतिपिंड २००८ मध्ये जपानमध्ये रुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी संमत झाले. करोनाच्या साथीत हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत, प्राणवायू कमी झालेल्या आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून अधिक असलेल्या रुग्णांत या औषधाने २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. लाभ निश्चित होता, पण तो अवस्थाविशेषात होता. सौम्य लक्षणांच्या रुग्णास तो लागू नव्हता.

वैद्यांनी या औषधाविषयी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. सीआरपी इंटरल्यूकिन-६ च्या आदेशाने तयार होतो. तो आदेशच अडविला तर सीआरपी वाढत नाही आणि ज्वरही दबतो. त्यामुळे टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णास गंभीर जंतुसंसर्ग झालेला असतानाही अहवाल सामान्य दिसू शकतो. येथे नाडी, श्वास, मुखवर्ण, वेदनेचे स्थान, स्पर्शासहत्व यांचे मूल्य आकड्यांहून अधिक आहे.

तोफासिटिनिबसारख्या गोळ्या आणखी वेगळ्या मार्गाने काम करतात. ग्राहीला जोडलेल्या जॅक नावाच्या विकरांना त्या पेशीच्या आतच अडवितात. त्यामुळे एकाच वेळी अनेक सायटोकाइनांचे संदेश मंदावतात. नागीण, क्षय यांचा धोका त्यांतही आहे. काही रुग्णांत हृदयविकार, रक्तवाहिनीत गुठळी होणे आणि कर्करोग यांचा धोका आढळल्याने २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी कडक इशारा दिला. 'इंजेक्शन नाही, साधी गोळी आहे' या समजुतीने रुग्ण ती गृहीत धरतात. म्हणून नाव विचारून घ्यावे.

आपल्या औषधांविषयी

हरिद्रेतील कुर्क्युमिन पेशींच्या पात्रात एनएफ-कप्पा-बीला रोखते, असे अनेक शोधनिबंध आहेत. त्यांचा आधार घेऊन 'हळद ही नैसर्गिक टीएनएफरोधक' अशी जाहिरात सर्रास केली जाते. पण मुखाने घेतलेले कुर्क्युमिन फार थोडे शोषले जाते आणि शोषलेलेही लवकर रूपांतरित होते. पात्रातील पेशींवर दिसलेला परिणाम रुग्णाच्या सांध्यात दिसेलच, असे नाही. आपल्या द्रव्यांची महती सिद्ध करावयाची तर ती रुग्णांवरील काटेकोर चाचण्यांतूनच व्हावी.

तसा एक प्रयत्न कोइमतूर येथे झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ४३ रुग्णांचे तीन गट केले होते : एकास आयुर्वेदीय चिकित्सा, दुसऱ्यास मेथोट्रेक्सेट, तिसऱ्यास दोन्ही. विशेष म्हणजे आयुर्वेदीय चिकित्सा प्रत्येक रुग्णाच्या प्रकृतीनुसार ठरविलेली होती आणि तरीही कोणास काय मिळते आहे हे रुग्ण व परीक्षक यांस माहीत नव्हते. ३६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा साधारण सारखी होती. रुग्णसंख्या लहान असल्यामुळे हा निष्कर्ष अंतिम नव्हे. चाचणी करणाऱ्यांनीच तिला प्राथमिक म्हटले आहे. परंतु वैयक्तिक चिकित्सेचीही शास्त्रशुद्ध परीक्षा करता येते, हे तिने दाखवून दिले. अशा मोठ्या चाचण्या, ज्यांत क्ष-किरणांनी सांध्यांची झीजही मोजली जाईल, आपल्या संस्थांनी हाती घेणे अगत्याचे आहे.

चिकित्सालयात घ्यावयाची काळजी

वरील विवेचनाचा व्यवहारातील उपयोग पुढील सूत्रांत सांगता येईल.

१. प्रत्येक संधिरुग्णास चालू औषधांची नावे, मात्रा आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख विचारून केसपेपरवर लिहावी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. रुग्ण ते कसे घेतो, हे अवश्य तपासावे.

२. चालू औषधे आपण परस्पर बंद करवू नयेत. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास शरीराची स्वतःची निर्मिती अपुरी पडून संकट ओढवते. इतर औषधे थांबविल्यास व्याधी उसळतो आणि झीज पुढे सरकते. मात्रा कमी करणे शक्य वाटल्यास संधिरोगतज्ज्ञांशी बोलून, तपासण्यांच्या आधाराने, क्रमशः करावे.

३. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला कोणतेही औषध देताना यकृताची तपासणी ठरावीक काळाने करावी. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा उपस्थित करून तिच्यावर आक्षेप घेतला. या वादाचा निर्णय काहीही असो, प्रतिकारसंस्थेच्या व्याधीत खात्रीशीर ओळखीचे द्रव्यच वापरणे आणि यकृताकडे लक्ष ठेवणे, हा मार्ग दोन्ही पक्षांना मान्य व्हावा असाच आहे.

४. एकच सांधा अकस्मात लाल, उष्ण आणि असह्य दुखरा झाला तर तेथे स्वेदन, लेप किंवा अभ्यंग करू नये. सांध्यात पू झाल्याची शक्यता प्रथम दूर करावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

५. जलौकावचारण करताना विशेष विचार करावा. जळवेच्या आतड्यात एरोमोनास जातीचे जंतू वास करतात; प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णात त्यांचा संसर्ग गंभीर होऊ शकतो. अग्निकर्म आणि बस्ती यांबाबतही त्वचेची व गुदाची क्षती टाळावी.

६. दोन आठवड्यांहून अधिक काळ ज्वर, वजन घटणे किंवा गाठी असल्यास क्षयाची तपासणी करवून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, हे रुग्णास सांगावे.

७. नव्याने आलेल्या रुग्णात सहा आठवड्यांहून अधिक काळ अनेक लहान सांध्यांची सूज आणि सकाळी तासाभराहून अधिक ताठरपणा असल्यास निदान पक्के करण्यास विलंब लावू नये. आपली चिकित्सा सुरू केल्यास तिचे फळ केवळ वेदनेवर न मोजता सुजलेल्या सांध्यांची संख्या आणि सीआरपी यांवरही मोजावे. तीन महिन्यांत सूज हटली नाही, तर रुग्णास संधिरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात संकोच नसावा.

समारोप

टीएनएफच्या कथेत हा रेणू शत्रू म्हणून उभा राहत नाही. तोच जंतूंना कोंडून ठेवतो आणि तोच सांधा पोखरतो. भेद आहे तो काळाचा, मात्रेचा, स्थानाचा आणि शमनाच्या यंत्रणेचा. दोषांची साम्यावस्था आणि त्यांचा प्रकोप यांचा विचार करण्याची सवय असलेल्या वैद्यास ही गोष्ट परकी वाटू नये. मात्र ती आपल्या परिभाषेत ओढून आणण्याची घाई न करता, तिच्या स्वतःच्या परिभाषेत समजून घ्यावी लागेल.

आपल्यासमोर बसलेल्या रुग्णाच्या शरीरात एखादा संदेश औषधाने अडविलेला असतो. त्या संदेशाचे दुसरे कार्य कोणते होते, हे ज्या वैद्यास ठाऊक आहे, तो त्याच्या सायंकाळच्या ज्वराकडे वेगळ्या दृष्टीने पाहील. या अंकाच्या वाचकांनी निदान आपल्या चालू रुग्णांच्या फाइली या दृष्टीने एकदा पुन्हा चाळाव्यात, एवढी विनंती करून आम्ही हा लेख येथे पूर्ण करतो.